शंका-समाधान : इम्प्लांटभोवतीचं पाणी फेकून देऊ नका

स्तनातलं इम्प्लांट आणि लिम्फोमा यांचा संबंध काय, असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. सारख्या शंका एकत्र करून इथे उत्तरं देत आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. मी लिम्फोमाचं निदान करणारी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझी रुग्णाशी गाठ बहुधा काचपट्टीवरच पडते, त्यामुळे उत्तरांत तपासणीचा भाग जरा जास्त येईल.

शंका : २०१५ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी माझा डावा स्तन काढला आणि त्या जागी इम्प्लांट बसवलं. आता इम्प्लांटमुळेच कर्करोग होतो असं वाचनात आलं. जुना आजार पुन्हा उलटणार का? – एक भगिनी, पुणे

समाधान : नाही. हे दोन वेगळे आजार आहेत. तुमचा जुना आजार स्तनाच्या दूधग्रंथींतून निघालेला होता. तुम्ही वाचलेला आजार लिम्फोमा आहे, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. तो स्तनात सुरू होत नाही, इम्प्लांटभोवतीच्या पडद्यात सुरू होतो. बोटात काटा रुतून राहिला की शरीर त्याच्याभोवती कुरूप धरतं, तसाच प्रत्येक इम्प्लांटभोवती तंतुमय पडदा तयार होतो. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. तो पडदा असणं हा आजार नव्हे. मात्र पडदा आणि इम्प्लांट यांच्यामधल्या फटीत वर्षानुवर्षं दाह धुमसत राहिला, तर क्वचित तिथल्या पेशी बिघडतात.

या लिम्फोमांचे मुख्य प्रकार दोन. पहिला टी-पेशींचा, म्हणजे अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा. त्याचा पहिला रुग्ण १९९७ मध्ये नोंदला गेला. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, २०११ मध्ये पहिला इशारा दिला आणि जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला ‘बायोसेल’ या खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट बाजारातून परत घ्यायला सांगितलं. कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. त्या वेळी एफडीएकडे ५७३ रुग्णांची आणि ३३ मृत्यूंची नोंद होती. ज्यांना कधी तरी खरखरीत इम्प्लांट बसवलं होतं, त्यांच्यातच हा आजार प्रामुख्याने आढळतो. दुसरा प्रकार बी-पेशींचा. तो कितीतरी दुर्मीळ आहे आणि त्यात एप्स्टाइन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही, सापडतो. बहुतेक पत्रं याच दुसऱ्या प्रकाराबद्दलची आहेत.

शंका : इम्प्लांट बसवून सात वर्षं झाली. मनात भीती बसल्याने ईबीव्हीची रक्ततपासणी करून घेतली. ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ आली. आता पुढे काय? – एक वाचक, ठाणे

समाधान : पुढे काहीच नाही. तपासणीचे पैसे मात्र वाया गेले. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांची ही तपासणी पॉझिटिव्ह येते. माझीही येईल. हा विषाणू लाळेतून पसरतो. आपल्याकडे तो बहुतेकांना लहानपणीच गाठतो, साधा ताप-सर्दी येऊन जाते आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

युगांडात काम करणारे शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी तिथल्या मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या गाठींचं वर्णन केलं होतं. त्या गाठींच्या पेशींत १९६४ मध्ये अँथनी एप्स्टाइन, बर्ट अचोंग आणि इव्हॉन बार यांना हा विषाणू दिसला. माणसाच्या कर्करोगाशी नातं जुळलेला हा पहिला विषाणू. एकदा शरीरात शिरला की तो बी-पेशींमध्ये जन्मभर झोपून राहतो आणि टी-पेशी त्याच्यावर पहारा देतात. कोट्यवधी माणसं त्याच्यासकट म्हातारी होतात. म्हणून रक्तातली आयजीजी तपासणी इम्प्लांटच्या लिम्फोमाविषयी काहीही सांगत नाही. ती पुन्हा करू नका आणि मैत्रिणींनाही सुचवू नका.

शंका : विषाणू सगळ्यांच्याच अंगात असेल, तर लिम्फोमा नेमका इम्प्लांटभोवतीच का व्हावा? आणखी एक. माझ्या वडिलांना क्षयामुळे छातीत पाणी झालं होतं. त्याचा याच्याशी संबंध आहे का? – निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा

समाधान : दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. ती गोष्ट जपानमधली.

स्ट्रेप्टोमायसिन यायच्या आधी क्षयावर नेमकं औषध नव्हतं. तेव्हा छातीत सुईने हवा भरून आजारी फुप्फुस मुद्दाम दाबून ठेवायचे, म्हणजे त्याला विश्रांती मिळून जखम भरेल अशी कल्पना. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांची ही पद्धत जगभर चालली. काही रुग्णांच्या छातीत त्यानंतर पू साचला आणि तो जाड पडद्याआड वर्षानुवर्षं तसाच राहिला. १९८७ मध्ये जपानी डॉक्टरांनी लिहिलं की अशा काही रुग्णांना, बहुधा वीस वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर, त्या पुवाच्या पोकळीच्या भिंतीतच लिम्फोमा होतो. त्या पेशींत ईबीव्ही सापडला. बहुतेक रुग्ण पुरुष होते आणि आजार आक्रमक होता. पुढे याच नमुन्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ‘दीर्घकालीन दाहाशी निगडित लार्ज बी-सेल लिम्फोमा’ हा गट आला. हाडातला जुना पू किंवा वर्षानुवर्षं न भरणारी पायाची जखम, अशा ठिकाणीही तो क्वचित दिसला आहे.

आता तुमचा ‘का’. दाह चालू असला की तिथे लिम्फोसाइट येत राहतात. त्यांत काहींच्या पोटात झोपलेला ईबीव्ही असतोच. दाहामुळे तिथे इंटरल्यूकिन-६ सारखी रसायनं तयार होतात आणि ती बी-पेशींना वाढायला उत्तेजन देतात. इंटरल्यूकिन-१० सारखी रसायनं टी-पेशींचा जोर कमी करतात. त्यात जागा बंदिस्त आणि रक्तवाहिन्या तुटपुंज्या, म्हणजे पहारेकरी तिथवर पोहोचतच नाहीत. याचा पुरावा आम्हाला काचपट्टीवर मिळतो. ईबीव्हीचं एबना-२ नावाचं एक प्रथिन आहे. निरोगी माणसात ते धारण करणारी पेशी टी-पेशींच्या तडाख्यातून वाचत नाही. या लिम्फोमांत मात्र ते अनेकदा उघडपणे दिसतं. संबंध शरीराची प्रतिकारशक्ती धडधाकट आहे, फक्त त्या एका बंद जागेत तिचं राज्य चालत नाही, असा त्याचा अर्थ. इम्प्लांट आणि कॅप्सूल यांच्यामधली फट ही तशीच जागा आहे.

तुमच्या वडिलांविषयी : क्षयाने छातीत पाणी होणं आणि औषधांनी ते आटणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. तिचा या आजाराशी संबंध नाही. कित्येक दशकं छातीत कोंडून राहिलेला पू ही वेगळी बाब आहे.

शंका : यजमानांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. तिथेही असाच लिम्फोमा होतो असं ऐकलं. खरं का? – एक भगिनी, नागपूर

समाधान : खरं आहे, पण झोप उडवण्याइतकं नाही. कृत्रिम झडप, रक्तवाहिनीतलं ग्राफ्ट, हृदयातली मिक्सोमा नावाची साधी गाठ, डोक्यात साचून राहिलेलं जुनं रक्त, बंदिस्त गळू, अशा ठिकाणी साचलेल्या फायब्रिनमध्ये, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांसारख्या प्रथिनात, ईबीव्ही असलेल्या बी-पेशींचे सूक्ष्म पुंजके क्वचित सापडतात. २०२२ च्या जागतिक वर्गीकरणात त्यांना ‘फायब्रिनशी निगडित लार्ज बी-सेल लिम्फोमा’ असं वेगळं नाव मिळालं. इम्प्लांटभोवतीचा बी-पेशींचा लिम्फोमा बहुतेक वेळा याच कुळातला असतो. हे पुंजके सहसा गाठ धरत नाहीत, आजूबाजूला घुसत नाहीत आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या ऊतीत अवचित सापडतात. यजमानांची झडप ज्या आजारासाठी बसवली, त्याची औषधं आणि तपासण्या वेळेवर होऊ द्या.

शंका : नऊ वर्षांपूर्वी मी मुंबईत इम्प्लांट बसवून घेतलं. सासरी कुणाला माहीत नाही. दोन महिन्यांपासून उजवी बाजू फुगली आहे. गावातल्या डॉक्टरांनी ‘पाणी झालंय, सुईने काढून टाकू’ असं सांगितलं. इम्प्लांटचं त्यांना सांगितलेलं नाही. काढू द्यावं का? – नाव नको

समाधान : ताई, आधी डॉक्टरांना सगळं सांगा. सासरी सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण डॉक्टरांपासून लपवू नका. इम्प्लांटची कल्पना नसताना सुई घातली, तर ते फुटू शकतं. ही सुई सोनोग्राफीत पाहतच घालायला हवी.

शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटून गेल्यावर इम्प्लांटभोवती नव्याने पाणी झालं, तर त्याला ‘उशिराचं पाणी’ समजतात आणि ते तपासल्याशिवाय सोडायचं नसतं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं : मार, जंतुसंसर्ग, इम्प्लांटची फाट किंवा घर्षण. पण दोन्ही प्रकारच्या लिम्फोमांचं पहिलं लक्षण बहुधा हेच असतं. टी-पेशींचा प्रकार सरासरी आठ-दहा वर्षांनी उमटतो. म्हणून घाबरू नका आणि वेळही दवडू नका.

पाणी काढून सिंकमध्ये ओतलं की निदानही त्याच्याबरोबर वाहून जातं. शक्यतो पन्नास मिलिलिटर किंवा त्याहून जास्त पाणी प्रयोगशाळेत जायला हवं. पहिल्यांदा काढलेलं पाणी सर्वांत मोलाचं, कारण त्यात पेशी जास्त असतात. पुन्हा पुन्हा काढलेल्या पाण्यात त्या विरळ होत जातात. मागणीपत्रावर ‘इम्प्लांट आहे, लिम्फोमा आहे का पाहावं’ असं स्पष्ट लिहून घ्या. एवढं लिहिलेलं नसेल, तर आमच्याकडे नेहमीची पेशीतपासणी होते आणि ‘दाहाच्या पेशी’ एवढाच अहवाल जातो. पाण्याबरोबर स्तनाची आणि काखेची सोनोग्राफीही करून घ्या. काखेत गाठ असेल, तर क्षय समजून नुसत्या अंदाजाने औषधं सुरू करू नका. आधी सुईने तपासून घ्या. मॅमोग्राफीत हे पाणी नीट कळत नाही.

गावात सोय नसेल, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. आठवड्याभरात जा.

शंका : लंडनमधल्या माझ्या बहिणीच्या अहवालात आधी ‘सीडी३० पॉझिटिव्ह, इम्प्लांटशी निगडित अ‍ॅनाप्लास्टिक लिम्फोमा’ आलं. दुसऱ्या रुग्णालयाने तेच नमुने तपासून ‘ईबीव्ही असलेला बी-पेशींचा लिम्फोमा’ म्हटलं. कुणाचं खरं मानायचं? आणि केमो लागेलच का? – एक वाचक, डोंबिवली

समाधान : अहवाल बदलला म्हणून विश्वास डळमळू देऊ नका. ही चकवणारी जागा आम्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे. इम्प्लांटभोवतीच्या पाण्यात मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी दिसल्या आणि सीडी३० पॉझिटिव्ह आलं, की डोळ्यापुढे आधी टी-पेशींचा प्रकार उभा राहतो, कारण तोच जास्त आढळतो. पण ईबीव्ही असलेल्या बी-पेशीही अनेकदा सीडी३० ही खूण दाखवतात. त्यामुळे एकट्या सीडी३०वर थांबता येत नाही. बी-पेशींच्या खुणा, म्हणजे सीडी२०, सीडी७९ए, पॅक्स५, आणि टी-पेशींच्या खुणा, दोन्ही लावाव्या लागतात. जोडीला ‘ईबर’ नावाची तपासणी करावी लागते. विषाणूची आरएनए पेशीच्या केंद्रकात रंगवून दाखवणारी ही तपासणी आहे. टी-पेशींच्या प्रकारात ईबर निगेटिव्ह येते. तिथे विषाणूचा हात नसतो, जॅक-स्टॅट या पेशीतल्या संदेशमार्गात बिघाड असतो. तुमच्या बहिणीच्या अहवालात ईबर पॉझिटिव्ह आणि बी-पेशींच्या खुणा स्पष्ट नोंदल्या असतील, तर दुसरा अहवाल धरून चालावं.

फरक नावापुरता नाही, त्यावर औषध ठरतं. आजार पाण्यात आणि कॅप्सूलच्या आतल्या अंगापुरता असेल, तर दोन्ही प्रकारांत मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच : इम्प्लांट आणि त्याच्याभोवतीची संपूर्ण कॅप्सूल काढणं. नुसतं इम्प्लांट काढून कॅप्सूल मागे ठेवणं पुरेसं नाही. अशा मर्यादित आजारात अनेक रुग्णांना पुढे केमो लागत नाही, नियमित तपासणी पुरते. फायब्रिनमधल्या प्रकारात उपचारांचा निकाल समाधानकारक आहे, छातीतल्या पुवाच्या लिम्फोमापेक्षा कितीतरी चांगला. आजार कॅप्सूलबाहेर गेला, गाठ झाली किंवा लसिकाग्रंथीत पोहोचला, तर वाटा वेगळ्या होतात. बी-पेशींच्या प्रकारात केमोबरोबर रिटुक्सिमॅब देतात, कारण ते सीडी२०ला चिकटतं. टी-पेशींच्या प्रकारात ते निरुपयोगी. तिथे सीडी३०वर नेम धरणारं ब्रेंटुक्सिमॅब वेडोटिन उपयोगी पडतं. प्रसार पाहण्यासाठी पेट-सीटी शस्त्रक्रियेआधी झालेलं बरं, कारण ताजी जखमही त्यात चमकते आणि गोंधळ होतो.

शंका : काहीही त्रास नाही. तरी दोन्ही इम्प्लांट काढून टाकावीत का? माझी गुळगुळीत आहेत की खरखरीत, आत सिलिकॉन आहे की सलाईन, काहीच ठाऊक नाही. – एक भगिनी, मडगाव

समाधान : लक्षणं नसतील, तर निव्वळ भीतीपोटी काढू नयेत असाच एफडीएचाही सल्ला आहे. खरखरीत इम्प्लांटलाही तो लागू आहे. काढण्याची शस्त्रक्रिया छोटी नसते. भूल, रक्तस्राव, व्रण ही जोखीम नक्कीची असते आणि लिम्फोमाची जोखीम फार थोडी.

मात्र आपल्या शरीरात काय आहे हे माहीत असावं. शस्त्रक्रियेच्या वेळी कंपनी, मॉडेल आणि क्रमांक लिहिलेलं कार्ड मिळालेलं असतं. ते हरवलं असेल, तर रुग्णालयाकडून शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागा. टी-पेशींच्या प्रकारात पृष्ठभाग महत्त्वाचा, आत काय भरलंय ते नव्हे. सलाईनच्या खरखरीत इम्प्लांटलाही तोच धोका. स्तन काढल्यावर त्वचा ताणण्यासाठी बसवलेले खरखरीत एक्स्पांडर आणि ट्रान्स महिलांनी बसवलेली इम्प्लांटही यात धरा. इतर लिम्फोमांबाबत मात्र ‘माझं गुळगुळीत आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये एफडीएने कॅप्सूलमधल्या स्क्वेमस कर्करोगाबद्दल आणि निरनिराळ्या लिम्फोमांबद्दल इशारा दिला, तेव्हा खरखरीत आणि गुळगुळीत, सिलिकॉन आणि सलाईन, सगळ्याच इम्प्लांटभोवतीच्या नोंदी होत्या. पण संख्या पाहा : अशा लिम्फोमांचे वैद्यकीय वाङ्मयातले रुग्ण तेव्हा जगभरात मिळून तिसाच्या आत होते. सिलिकॉनचं इम्प्लांट असेल, तर ते फाटलंय का हे पाहण्यासाठी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी एक, अशी शिफारस आहे.

शंका : मी प्लास्टिक सर्जन आहे. कॅप्सूल आखडली म्हणून काढतो, तेव्हा ती दरवेळी तपासायला पाठवावी का? – एक डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर

समाधान : पाठवावी. फायब्रिनमधले पुंजके डोळ्यांना दिसत नाहीत आणि बोटांना लागत नाहीत. काही रुग्णांचं निदान तुम्ही म्हणता तशाच, निव्वळ आखडलेल्या कॅप्सूलमध्ये झालं आहे. लिम्फोमाचा संशय असेल, तर कॅप्सूल अखंड काढा, टाके घालून दिशा खुणवा आणि फॉर्मेलिनमध्ये पाठवा. आम्ही सहाही बाजूंनी मिळून किमान बारा तुकडे घेतो. आतल्या अंगाला चिकटलेला पिवळसर साका पुसू नका. हव्या त्या पेशी बहुधा त्यातच असतात. पाणी मात्र फॉर्मेलिनमध्ये न टाकता ताजं पाठवा, म्हणजे फ्लो सायटोमेट्री करता येते.

शंका : ईबीव्हीवर लस किंवा गोळी नाही का? काढे घेतले तर? – एक वाचक, जळगाव

समाधान : ईबीव्हीवर वापरात असलेली लस आज नाही. नागिणीवरच्या असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या विषाणू पेशीत झोपलेला असताना काम करत नाहीत, म्हणून प्रतिबंध म्हणून त्या घेऊ नका. काढ्याने हा विषाणू शरीराबाहेर जात नाही आणि साचलेलं पाणीही ओसरत नाही. त्यात महिने गेले, तर आजार कॅप्सूलबाहेर पडायला तेवढा वेळ मिळतो.

सर्व वाचकांना शेवटी एवढंच सांगते. इम्प्लांट असेल, तर त्याचं कार्ड औषधांच्या फाईलमध्ये ठेवा. एका बाजूला सूज, गाठ, दुखणं किंवा आकारात बदल जाणवला, तर महिना वाट पाहू नका. पाणी किंवा कॅप्सूल काढली गेली, तर ‘तपासायला पाठवली का?’ असं डॉक्टरांना स्वतः विचारा आणि अहवाल हातात घेतल्याशिवाय परतू नका.